फुंकणी

सुकळी फाट्यावर ट्रक वळला की कोळसा सांडतो.
ताडपत्री सैल असते, आणि रस्ता तर विचारूच नका.
मोनाली टेकाम सातव्या महिन्यातही घमेलं घेऊन जायची.
वाकता येत नव्हतं म्हणून बसून वेचायची,
उठताना मैलाच्या दगडाला धरायची.
मी स्कूटी थांबवून म्हणाले,
"जड उचलू नको."
ती म्हणाली, "कोळसा हलका असते, ताई."

आशा म्हणून तिच्या नऊ महिन्यांचा हिशेब माझ्याकडे आहे.
लोहाच्या गोळ्या एकशे ऐंशी. धनुर्वाताची दोन इंजेक्शनं.
वजन, पायावर सूज आहे-नाही,
सोनोग्राफीला वणीला नेली तो मंगळवार.
सगळं निळ्या शाईत.
तिच्या सैंपाकघराशी मी दारातूनच बोलायचे,
आत डोळे चुरचुरायचे.
दहा मिनिटं. चहा न घेताच निघायचे.
ती आतच असायची.

सिलिंडर कोपऱ्यात, वर क्रोशाचा रुमाल,
रुमालावर प्लास्टिकची फुलं.
पाहुणे आले तरच शेगडी पेटायची.
एरवी पऱ्हाटी, आणि पऱ्हाटी ओली निघाली की
सिगडीत तो फाट्यावरचा काळा खडा.
भिंतीवर काजळी इतकी
की सासूनं बोटानं तिच्यावर दुधाचा हिशेब लिहिलेला.

त्रिशा आता साडेतीन वर्षांची.
चालते, हसते, कोंबडीमागं धावते.
बोलत नाही.
अंगणवाडीत ठोकळे दिले तर
एकच ठोकळा हातात घेऊन बसते,
जसं त्याचं काय करायचं ते सांगायला
कुणी येणार आहे.

सासू म्हणते, "गिऱ्हाणात विळी धरली होती इनं, मी पाह्यलं."
जाऊ म्हणते, मामाच्या वळणावर गेली, तोही उशिराच बोलला.
नवरा काही म्हणत नाही. तो सायडिंगवर कामाला आहे,
खोकला आला की अंगणात जातो.

चंद्रपूरच्या डॉक्टरबाई चांगल्या होत्या.
कागदावर वार काढून दाखवली त्यांनी, नाळ, रक्ताच्या वाटा,
म्हणाल्या, धुराचा अगदी बारीक कण इथवर पोचू शकतो,
वजनावर, मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.
होऊ शकतो.
"पण हिचं त्यामुळंच झालं,
असं एका लेकराकडं पाहून सांगता येत नाही."
मोनालीनं कागदाच्या चार घड्या करून ब्लाउजात ठेवला.
मग विचारलं,
"मंग किती लेकरं पाह्यल्यावर सांगता येते, मॅडम?"

परतीच्या एसटीत तिनं मला विचारलं नाही
की तुम्हाला माहीत होतं का.
मी उत्तर तयार ठेवलं होतं.
घुग्घुस आलं, गेलं. खिडकीच्या काचेवर
कुणीतरी धुळीत बोटानं बदाम काढलेला होता,
आम्ही दोघी त्यातून बाहेर बघत राहिलो.

काल गेले तर सिगडी बाहेर, ओट्याखाली सारलेली.
सिलिंडरवरचा रुमाल दोरीवर वाळत.
"पंधरा दिवस पुरंन," म्हणाली, "मंग पाहू."
फाट्याकडून ट्रकांचा आवाज येतच होता,
त्याला ती कुठं सारणार.

त्रिशा अंगणात होती.
हातात लोखंडी फुंकणी, जवळजवळ तिच्याएवढीच.
तिनं ती तोंडाला नाही, कानाला लावली होती.
पोटातल्या लेकराला आईचा श्वास ऐकू जातो म्हणे.
मी खाली बसले.
फुंकणीचं एक टोक तिनं माझ्या कानाशी आणलं,
दुसरं स्वतःच्या ओठांशी नेलं,
गाल फुगवले
आणि वारा आला नाही, शब्दच आला,
"फू."

मोनाली दारात, पिठाचे हात तसेच.
"बोलली?"
"बोलली."
"काय म्हणाली?"